शिंगाचा सवाल

मुन्सफाला कामकाज कोण शिकवतं? कायद्याचं कॉलेज, वरच्या कोर्टाचे निकाल, फार तर एखादा मुरलेला वकील, अशी माझी समजूत होती. हिंगोलीच्या अदालतीत मी रुजू झालो त्या पहिल्याच सकाळी, चपराशी अजून झाडलोट करत होता तेवढ्यात, लाल पटका बांधलेल्या एका काळ्याकभिन्न माणसानं मला आरोपीच्या कठड्यात नेलं आणि उकिडवं बसायला लावलं.

"साहेब, काय दिसून राहिलं?"

"टेबल," मी म्हणालो. सव्वीस वर्षांचा होतो, हैदराबादहून सनद घेऊन आलो होतो आणि हाताखालच्या माणसाच्या सांगण्यावरून उकिडवा बसलो होतो. माझं डोकं तापलं होतं.

"टेबल न्हाई. नीट बघा."

"टेबलाचे पाय. खुर्चीचे पाय."

"अन् खुर्चीत तुमी बसलात की?"

"माझे बूट."

"बस्स. सात वर्सांच्या लेकराला अदालत तेवढीच दिसती. निस्ते बूट. उठा आता. लेकराची पेशी आसली की हितं बसायचं न्हाई. बाहीर वसरीत बसायचं, घोंगड्यावर. बूट काढून."

हा कुठल्या कायद्यातला नियम, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

"बिराजी पेशकाराच्या," तो म्हणाला. "तुमच्या आदी सात मुन्सफ शिकून गेले. तुमी आठवे."

पेशकार म्हणजे मुन्सफाच्या डाव्या हाताला बसून कागद पुढं सरकवणारा, साक्षीदाराचा जबाब उर्दूत लिहून घेणारा कारकून. निजामाच्या राज्यात अदालतीचा सगळा कारभार उर्दूत चाले आणि अदालतीत येणारी माणसं मराठी बोलत. मधल्या दरीत बिराजी बसायचा. जातीचा धनगर, गाव साखऱ्याकडचं, पण उर्दू अक्षर असं वळणदार की बाहेरच्या कचेऱ्यांतून त्याच्या हातच्या नकला मागवत. अंगात शेरवानी, खाली धोतर आणि पायात करकरणाऱ्या धनगरी वहाणा. वकील हसायचे. तो म्हणायचा, "वरून सरकारचा हाये, खालून माझा."

लेकराची पेशी असली की हा माणूस अदालतीचा ताबाच घ्यायचा. आधी चपराशाच्या छातीवरचा पितळी बिल्ला काढून स्वतःच्या खिशात टाकायचा. 'हाजिर हो' ही आरोळी बंद. "हाक मारू नको, हात धरून आन," असं चपराशाला बजावायचा. काळ्या कोटातले वकील उभे राहून बोलायला लागले की त्यांनाही खाली बसवायचा. "वकीलसाहेब, ताडाच्या झाडासंगं कोन बोलतं? बसा की." एका नामांकित वकिलानं माझ्याकडं तक्रार केली, की हा पेशकार आहे की मास्तर? मी म्हणालो, मलाही तेच कळत नाहीये.

पहिल्याच आठवड्यात नऊ वर्षांचं एक पोर आलं. दुसऱ्याच्या रानातली कणसं मोडल्याचा आरोप. मी घोंगड्यावर बसलो, बूट काढून, मनातून चरफडत.

"कणसं तू मोडलीस का?"

"व्हय."

मला हायसं वाटलं. दोन मिनिटांत काम संपलं होतं. पण बिराजीनं लेखणी खाली ठेवली. "साहेब, शिंगाचा सवाल राहिला." आणि पोराकडं वळून त्यानं अगदी गंभीरपणे विचारलं, "का रं, तुला शिंगं हाईत का?"

"व्हय," पोर म्हणालं.

"किती?"

पोरानं माझ्याकडं पाहिलं. कुठला आकडा साहेबाला आवडेल ते त्याला माझ्या तोंडावर शोधायचं होतं. मग ते म्हणालं, "दोन."

मी हसलो. बिराजी हसला नाही. "आमच्याकडं लेकरू मोठ्या मान्साला न्हाई म्हनत नसतं, साहेब. म्हनलं की थोबाडीत बसती. 'व्हय' म्हंजी 'म्या केलं' न्हाई. 'व्हय' म्हंजी 'ऐकलं, मारू नका.' अन् आपुन त्याला इकबाल म्हनून लिवतो." इकबाल म्हणजे गुन्ह्याची कबुली.

त्याचा नियम असा होता. ज्या लेकराच्या तोंडून आधी एक 'न्हाई' निघालेलं नाही, त्याचं 'व्हय' लिहायचं नाही. ते 'न्हाई' निघेपर्यंत तो लेकरापाशी बसून राहायचा. ह्यो साहेब बाई हाय का? ह्यो चपराशी बैल हाय का? कधी अर्धा दिवस जायचा. बाकीच्या पेश्या खोळंबायच्या, पक्षकार कुरकुरायचे, मी घड्याळ काढायचो. आणि मग केव्हातरी ते बारीक आवाजातलं पहिलं 'न्हाई' यायचं. बिराजी मांडीवर थाप मारायचा आणि तो शब्द उर्दू लिपीत जसाच्या तसा लिहायचा. 'नहीं' नाही, 'इनकार' नाही. 'न्हाई'. मी एकदा विचारलं, हे कुठलं उर्दू? तो म्हणाला, "लेकराचा शबुद लेकराचाच ऱ्हाऊ द्या."

कणसं मोडणाऱ्या त्या पोरानं दुपारी तीन वाजता 'न्हाई' म्हटलं आणि लगेच पुढं सांगितलं, की मोडली व्हय, पन सारी न्हाई, दोनच. आता हे मात्र खरं होतं. मी त्याला समज देऊन सोडलं.

तरी मला अक्कल आली ती यानंतर वर्षभरानं, आणि तीही स्वतःचे हात भाजून. नरसीची एक विधवा होती. तिच्या दिरानं दावा लावला होता, की ही बाई पोराला उपाशी ठेवते, पोर आमच्या ताब्यात द्या. पोर सहा वर्षांचं. बिराजी त्या दिवशी तापानं घरी होता, म्हणून जबाब मी स्वतः लिहिला. पोराला 'न्हाई' म्हणता येत होतं, ते मी तपासलं. पाठ पक्का केला होता ना! मग विचारलं, घरात पिठाचा डबा असतो का? असतो. काका आला त्या दिवशी कसा होता? पोर म्हणालं, "डबा खाली व्हता."

मी उर्दूत लिहिलं, डब्बा खाली था. डबा रिकामा होता. माझं सगळं शिक्षण उर्दूतलं, डोकं उर्दूत चालायचं. लिहिताना काही खुपलंसुद्धा नाही. दीर मिशीतल्या मिशीत हसला. पोर त्याच्या ताब्यात द्यायचा हुकूम मी मनाशी तयार केला. ती बाई मी लिहिलेल्या कागदाकडं पाहत राहिली. तिला उर्दू वाचता येत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी बिराजी अंगावर शाल घेऊन आला, कागद वाचला आणि माझ्यासमोर आदळला. मुन्सफासमोर पेशकारानं कागद आदळणं म्हणजे नोकरीवर पाणी सोडणं. "बोलवा ते लेकरू," तो म्हणाला.

पोराला पुन्हा घोंगड्यावर बसवलं. "डबा खाली व्हता म्हंजी कुठं रं?"

"भुईवर."

"अन् त्यात काय व्हतं?"

"पीठ."

"किती?"

पोरानं डाव्या हाताची बोटं सरळ धरली आणि उजव्या हातानं कोपराच्या वर खूण केली. इतकं.

माय डबा फळीवरून खाली काढायची, पोराला हात घालून खेळता यावं म्हणून. मराठीतल्या त्या 'खाली'ला मी उर्दूतला 'खाली' करून एका आईचं लेकरू काढून घेणार होतो. मला लाज वाटली, अजून वाटते. पोर आईकडंच राहिलं. जाताना तिनं बिराजीला हात जोडले, मला नाही, आणि ते बरोबरच होतं.

त्या संध्याकाळी मी त्याला विचारलं, तुम्ही हे सगळं कुठं शिकलात? त्यानं दप्तराच्या तळातून एक जुनी नकल काढून माझ्या हातात दिली. "अक्षर कुनाचं?" ते वळणदार अक्षर लगेच ओळखू आलं.

"माझ्याच गावचं पोरगं. अकरा वर्सांचं. गंजी तू पेटवली का? व्हय. काडी कुठून आनली, घरून का? व्हय. म्या लिवलं. नवा व्हतो, अक्षराची तारीफ झाली." त्यानं घोंगड्यावरून हात फिरवला. "तीन वर्सांनं तुरुंगातून आलं. तवापासून बोलत न्हाई. व्हय बी म्हनत न्हाई अन् न्हाई बी म्हनत न्हाई. मेंढरं राखतं. हे घोंगडं त्याच्याच मेंढरांच्या लोकरीचं हाये." गंजी कोणी पेटवली ते पुढं सगळ्या गावाला कळलं होतं, पण तोवर पोर तुरुंगात होतं.

ती नकल मी घडी करून त्याच्या हातात परत दिली. त्या दिवसापासून घोंगड्यावर बसताना चरफडणं थांबलं, एवढं खरं.

मग अठ्ठेचाळीस साल आलं. देश स्वतंत्र झाला होता आणि आमच्या संस्थानात अजून निजामाचं निशाण होतं. पैनगंगेपलीकडं वऱ्हाडात निजामाशी लढणाऱ्यांच्या छावण्या पडल्या होत्या. तिकडून माणसं नदी उतरून यायची. त्यांना आसरा देणाऱ्या गावाचं नाव एकदा कागदावर चढलं की त्या गावावर धाड पडे, आणि धाड म्हणजे काय ते तेव्हा लहान लेकरांनाही ठाऊक होतं.

उन्हाळ्यात एका नाक्याचा अमीन, म्हणजे तेव्हाचा फौजदार, एका धनगराच्या पोरीला घेऊन आला. ठकू तिचं नाव, वय दहा. नदीत पाणी कुठं उथळ आहे ते तिला माहीत, कारण ती रोज मेंढरं घेऊन जायची. तिनं हत्यारबंद माणसांना उतार दाखवला आणि आपल्या गावात नेलं, असं अमीनाचं म्हणणं. बरोबर चार बंदूकवाले. तिचा बाप फाटकाशी उभा, त्याला आत येऊ दिलं नव्हतं.

अमीनानं वऱ्हांड्यात खुर्ची मागवली आणि पाय पसरून बसला.

"हुजूर, बूट," बिराजी म्हणाला.

अमीनानं त्याच्याकडं पाहिलंसुद्धा नाही. "मुन्सफसाब, छोकरी सब बोलरी. इकबाल लिखा लो, हमकू जाना है." आणि त्यानं स्वतःच विचारायला सुरुवात केली. माणसं आली होती? व्हय. तू उतार दाखवला? व्हय. पोरीची नजर त्याच्या बुटांवर होती. आता फक्त गावाचं नाव घालून एक प्रश्न राहिला होता. त्याचंही उत्तर 'व्हय'च येणार होतं.

इथं मी खरं सांगितलं पाहिजे. मी गप्प बसायचं ठरवलं होतं. मला बायको होती, तान्हं मूल होतं आणि समोर चार बंदुका होत्या. मी कागदाकडं पाहत बसलो.

"साहेब," बिराजी शांतपणे म्हणाला, "शिंगाचा सवाल राहिला."

अमीन माझ्याकडं पाहत होता. बिराजीही पाहत होता. कुणाची भीती जास्त वाटावी तेच मला कळेना. शेवटी माझ्या तोंडून निघालं, "ठकू, तुला शिंगं आहेत का?"

"व्हय."

"शेपूट?"

"व्हय."

"अन् ह्या अमीनसाहेबाला शिंगं हाईत का गं?" हे बिराजीनं आपलं पदरचं घातलं.

पोरीनं पहिल्यांदा मान वर केली, अमीनाला नीट पाहून घेतलं आणि म्हणाली, "व्हय."

चपराशाला खोकला आला. बिराजी भराभर लिहीत होता. अमीन उठला. "ये क्या मजाक है? काटो वो सब!"

"न्हाई," बिराजी म्हणाला.

"क्या बोला?"

"न्हाई म्हनलो, हुजूर. लेकरू जे बोललं ते लिवलं. आता तुमी 'काटो' म्हनलात, ते बी लिवून राहिलो." आणि त्यानं लेखणी दौतीत बुडवून खरंच लिहिलं.

अमीनाचा हात कमरेकडं गेला. बिराजीनं कागद माझ्यापुढं सरकवला आणि बोटानं सहीची जागा दाखवली. मी सही केली. ती सही इतकी वाकडी आली, की माझीच म्हणून मला शपथेवर सांगावं लागलं असतं. पण आता त्या कागदाचा अमीनाला काही उपयोग नव्हता. ज्या जबाबात आरोपीला शेपूट आहे आणि फौजदाराला शिंगं आहेत, तो वर पाठवणार कसा? शिव्या देत तो निघून गेला. गावाचं नाव विचारायचं राहूनच गेलं. ठकूला मी बापाच्या हवाली केलं आणि बाप तिला घेऊन मागच्या वाटेनं पळत सुटला.

आठ दिवसांत बिराजीला नोकरीवरून मुअत्तल केल्याचा हुकूम आला. मला नुसती ताकीद. मी वरच्या वर्गातला ना! त्यानं दप्तर बांधलं, चपराशाचा बिल्ला खिशातून काढून परत दिला. घोंगडं न्या, तुमचं आहे, असं मी म्हणालो. "ऱ्हाऊ द्या," तो म्हणाला. "लेकरं येतेल."

सप्टेंबरात फौजा आल्या, राज्य बदललं, निशाण बदललं. दिवाळीच्या सुमारास बिराजीला मानानं परत घेतलं. ठकूच्या गावचे लोक हलगी वाजवत त्याला अदालतीपर्यंत पोचवायला आले. गळ्यात झेंडूचा हार, त्याच शेरवानीवर. तो अवघडून गेला होता.

त्याच दिवशी, त्याच लोकांच्या देखत, नव्या फौजदारानं एका पिंजाऱ्याच्या पोराला आणलं. बारा वर्षांचं पोर, महेबूब. बाप सप्टेंबरातल्या धामधुमीत कुठं नाहीसा झाला होता ते कुणी विचारत नव्हतं. ठकूच्या गावच्या पाटलाची कडब्याची गंजी जळाली होती.

"गंजी तू पेटवलीस?" फौजदारानं दरडावलं.

"व्हय," पोर म्हणालं.

अंगणातली माणसं ओरडली. पाटील पुढं आला. "झालं की! कबूल करून राहिला."

बिराजीचा चेहरा मी पाहिला. "गंजी," तो पुटपुटला, मला ऐकू येईल इतकंच. "पुन्यांदा गंजी." मग गळ्यातला हार काढून त्यानं भुईवर ठेवला. "शिंगाचा सवाल राहिला, साहेब."

पाटलाला त्या सवालाची गोष्ट ठाऊक होती, ठकूच्याच गावचा ना तो! त्याचा आवाज उतरला. "पेशकार, तुमी आमचं गाव वाचीवलं, आमी इसरलो न्हाई. पन ह्ये आपलं न्हाई."

"लेकरू हाये."

"त्यांचं हाये!"

"लेकरू हाये," बिराजी पुन्हा म्हणाला आणि लेखणी माझ्या हातात दिली. "आज तुमी लिवा. मला त्याच्यापाशी बसायचंय."

फौजदारानं बूट काढले. नवा होता, नियम असेल असं त्याला वाटलं. बिराजी विचारत राहिला. मी बाई हाये का? व्हय. ह्यो पाटील बैल हाये का? व्हय. एकदोघं हसली, मग कुणी हसेना. ऊन वर आलं, उतरायला लागलं. लोक हलत नव्हते. 'हार घालून चुकलो' असं कुणीतरी मोठ्यानं म्हणालं. बिराजीनं ते ऐकलं असणार.

शेवटी त्यानं डोक्याचा पटका सोडला. इतक्या वर्षांत मी त्याचं उघडं डोकं पहिल्यांदा पाहत होतो. बारीक पिकलेले केस. ते डोकं त्यानं पोरापुढं वाकवलं. "हात लाव. भेऊ नको, लाव. चाचपून सांग, शिंगं हाईत का?"

पोरानं हात पुढं केला. कानापासून टाळूपर्यंत सगळं डोकं चाचपलं, पुन्हा एकदा चाचपलं.

"न्हाई," ते म्हणालं.

"तुला?"

पोरानं स्वतःच्या डोक्यावरून हात फिरवला. "न्हाई."

"गंजी तू पेटवलीस?"

"न्हाई!" पोर ओरडलंच, आणि मग हुंदके देऊन रडायला लागलं. त्या दिवशी ते आपल्या मावशीकडं औंढ्याला होतं, हे त्यानं रडत रडतच सांगितलं. फौजदाराकडं त्या 'व्हय'खेरीज दुसरं काही नव्हतं. मी पोराला सोडून दिलं. त्याला मावशीकडं पोचवायचा हुकूम मी लिहायला घेतला, पण बिराजी त्यासाठी थांबला नाही. त्यानं घोंगडं उचलून झटकलं, पोराच्या खांद्यावर टाकलं, त्याचा हात धरला आणि बोडक्या डोक्यानं गर्दीत उतरला.

"पोर हितं द्या, पेशकार," पाटील म्हणाला.

"न्हाई."

ते लोक आपणहून बाजूला झाले, की हा थांबतच नाही म्हणून त्यांना व्हावं लागलं, मला सांगता येणार नाही. पण वाट झाली. पुढच्या महिन्यात माझी बदली झाली. तोवर बिराजी परत कामावर आला नाही, त्याला यायचंच नव्हतं. मला तो शेवटचा दिसला तो त्याच दिवशी. फाटकाशी थांबून त्यानं मागं पाहिलं आणि एवढ्या गर्दीवरून मला विचारलं, "साहेब, लेकराचा शबुद लिवला का?"

"लिहिला!"

"कसा?"

मी हातातला कागद पाहिला. त्या दिवशी जबाब मी पहिल्यांदाच मराठीत लिहिला होता आणि पुस्तकी 'नाही' लिहिलं नव्हतं.

"न्हाई!" मी ओरडून सांगितलं.

"बराबर," तो म्हणाला, आणि पोराला घेऊन औंढ्याच्या रस्त्याला लागला.